मार्केट पडलं की पाडलं?

(नामपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

विषय काय घेणार, असं आयोजकांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, एका शब्दावर बोलेन. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक म्हटल्यावर तो शब्द 'आत्मा' असेल, गेला बाजार 'सत्य' तरी असेल, अशी त्यांची समजूत झाली. मी म्हटलं, 'मार्केट'. तर ते हळूच म्हणाले, सर, आमच्याकडे मार्केटवर बोलणारे कमी नाहीत. खरं आहे. नामपुरात येऊन मार्केटवर बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. तेव्हा आधीच सांगतो, कांद्याचं मार्केट मी तुम्हाला शिकवणार नाही. ते तुम्ही मला शिकवाल. मी बोलणार आहे तो शब्दाबद्दल. हा इंग्रजी शब्द आपल्या तोंडात नेमकं काय काय करतो, आणि काय लपवतो, एवढंच.

सुरुवात अगदी साध्या ठिकाणी करू. सकाळी शेजाऱ्याला विचारलं, कुठे निघालात? तो म्हणतो, 'मार्केटला.' इथे मार्केट म्हणजे जागा. बाजार समितीचं आवार, फाटक, भुईकाटा, ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा. दुपारी तोच माणूस परत येताना दिसला की आपण अहिराणीत विचारतो, 'मार्केट काय शे?' आता मार्केट म्हणजे जागा नाही, भाव. 'आज मार्केट बंद आहे' म्हटलं की लिलाव बंद. जागा तिथेच आहे, फाटकही कदाचित उघडं आहे. 'मार्केटला मालच नाही' म्हणजे आवक नाही. 'मार्केटमध्ये पैसाच नाही' म्हणजे लोकांच्या हातात रोकड नाही. 'दुबईचं मार्केट' म्हणजे तिथलं गिऱ्हाईक. 'त्याचं मार्केटमध्ये नाव आहे' म्हणजे पत आहे. 'नवीन औषध मार्केटमध्ये आलंय' म्हणजे कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळेल. 'त्या नटाचं मार्केट संपलं' म्हणजे त्याला आता कोणी घेत नाही. 'तो फार मार्केटिंग करतो' म्हणजे फुशारक्या मारतो. आणि नुसतं 'मार्केट' म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या तरुणांच्या मनात आधी शेअर मार्केट येतं, कांदा नव्हे.

एका शब्दाचे इतके अर्थ, तरी आपली गडबड होत नाही. का होत नाही, हा प्रश्न भर्तृहरीनं वाक्यपदीयात घेतला आहे. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशावरून ठरतो याची त्यानं यादीच दिली आहे: सोबत कोणता शब्द आला, प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. जुन्या पंडितांचं आवडतं उदाहरण 'सैंधव'. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडा. जेवायला बसलेला मालक 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ न्यायचं, आणि बाहेर निघालेला म्हणाला तर घोडा. पंक्तीत घोडा आणणारा नोकर अजून जन्माला यायचा आहे. तेव्हा अनेक अर्थ असणं हा शब्दाचा दोष नाही. उलट कष्टकरी शब्दांनाच अनेक अर्थ असतात. रिकामटेकड्या शब्दांना एकच पुरतो.

मग माझी तक्रार काय आहे? मीठ आणि घोडा हे अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. 'मार्केट'चे मिसळतात. एकाच वाक्यात, बोलणाऱ्याच्याही नकळत, एक अर्थ दुसऱ्याच्या अंगावर चढतो. जागेचा भाव होतो, भावाची शक्ती होते, शक्तीची मर्जी होते. 'मार्केटला गेलो' इथून निघालेला शब्द 'मार्केट मानत नाही', 'मार्केटला बजेट आवडलं नाही', 'मार्केट घाबरलं' इथपर्यंत येतो. घाबरणारं, आवडून घेणारं, रुसणारं हे कोण आहे? ज्या आवारात सकाळी हमाल बिडी ओढत बसला होता, ते आवार रुसलं?

आता कोणी म्हणेल, इंग्रजी शब्दाची ही खोड आहे, तो टाकून द्या, मराठी वापरा. या मार्गानं मी जाणार नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीनं आपल्याला 'दिनांक' दिला, 'महापौर' दिला, ते आपण रोज वापरतो. पण 'मार्केट' काढून तुम्ही 'बाजार' ठेवणार, तर बाजार फारसी आहे. तोही काढलात तर हाट उरतो, पेठ उरते. शासनानं संस्कृतातून 'पणन' काढला. पणन मंडळ आहे, पणन संचालक आहेत, पणन मंत्री आहेत. पण आजवर एकही शेतकरी 'पणनला चाललो' म्हणून घरातून निघालेला नाही.

आणि मुळात 'बाजार' हाताशी असताना लोकांनी 'मार्केट' का घेतला? केवळ इंग्रजीच्या हौसेनं? मला तसं वाटत नाही. 'बाजार' या शब्दाला मराठीत एक वास आहे. बाजारगप्पा म्हणजे भरवसा ठेवू नये अशा गप्पा. बाजारबुणगे म्हणजे लढाईच्या कामाचे नसलेले लोक. 'त्याचा बाजार उठला' म्हणजे तो संपला. 'शिक्षणाचा बाजार मांडलाय' ही तर उघड शिवी. एखादं पुस्तक 'बाजारू आहे' म्हणालात तर लेखक तुमच्याशी बोलणं टाकेल. त्याच पुस्तकाला 'चांगलं मार्केट आहे' म्हणालात तर तो चहा पाजेल! गोष्ट तीच, खप असण्याची. एका शब्दात निंदा, दुसऱ्यात कौतुक. म्हणजे आपण नुसता शब्द उसना घेतला नाही, आपल्या शब्दाला चिकटलेला निवाडा पुसून टाकण्यासाठी घेतला. 'बाजार' म्हटलं की कोण फसवतंय, कोण फसतंय हे आपोआप मनात येतं. 'मार्केट' म्हटलं की तो प्रश्नच येत नाही. इस्त्री केलेला शब्द आहे तो. माझ्या टीकेचा अर्धा भाग इथेच आहे.

आता थोडा इतिहास, कारण 'मार्केट' हे पावसासारखं आपोआप येतं अशी जी समजूत आहे तिला इतिहासात आधार नाही. आपल्याकडे कायद्यानं नेमलेलं शेतमालाचं मार्केट सुरू झालं ते वऱ्हाडात. कारंजा इथे १८८६ साली कापसाचा नियमित बाजार झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस सुरळीत मिळावा ही त्यामागची गरज होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा कळवळा हा काही पहिला हेतू नव्हता. पुढे मुंबई प्रांतात १९३९ चा कायदा आणि मग आपला १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा. या कायद्याची भाषा वाचण्यासारखी आहे. बाजार क्षेत्र, मुख्य बाजार, दुय्यम बाजार, बाजार समिती, बाजार फी. सगळं जागेचं आणि माणसांचं. कुंपण कुठे, परवाना कोणाचा, वजन कोण करणार, पैसे किती दिवसांत द्यायचे. कायद्याच्या लेखी मार्केट ही मांडलेली गोष्ट आहे. कोणीतरी मांडली म्हणून ती आहे.

पुण्याचं एक उदाहरण जाता जाता. तिथली मंडई १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, गव्हर्नरच्या नावानं. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई नाव मिळालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचंच नाव दिलं आहे. यातली गंमत तुम्ही घरी जाऊन चाखा. माझा मुद्दा एवढाच, की मार्केट बांधावं की शाळा, हा निर्णय होता आणि तो माणसं घेत होती.

तर मग ही मांडलेली गोष्ट स्वतःच कर्ती कशी झाली? इथे मला आपल्या न्यायशास्त्राचं एक जुनं उदाहरण आठवतं. शेतात राखणदार मचाणावर बसतो, पाखरं हाकलायला आरडाओरडा करतो. दुरून ऐकणारा म्हणतो, 'मचाण ओरडतंय.' नैयायिक विचारतात, मचाण लाकडाचं, ते कसं ओरडेल? आणि उत्तर देतात की इथे मचाण म्हणजे मचाणावरचा माणूस. जागेचं नाव घेऊन जागेवरचा माणूस सांगितला. याला लक्षणा म्हणतात. 'गाव जेवायला आलं', 'कोर्टानं सोडलं', 'दिल्लीनं ऐकलं नाही', या सगळ्या लक्षणा. त्यात वाईट काही नाही. भाषेचं अर्धं काम लक्षणेवर चालतं.

पण लक्षणेची एक अट आहे. मूळ अर्थ जुळत नाही हे ऐकणाऱ्याच्या लक्षात यायला हवं, म्हणजे तो मागे वळून पाहतो आणि मचाणावरचा माणूस त्याला दिसतो. 'मार्केट पडलं' म्हणताना आपलं हे वळून पाहणंच थांबलं आहे. मचाण ओरडतंय हे आपण खरं धरून चाललोय, आणि राखणदार आहे तरी का, कोण आहे, हे विचारायचं बंद केलंय.

यावर युरोपातही कोणी बोललं आहे का? बोललं आहे, आणि नेमक्या याच नावानं. फ्रान्सिस बेकननं १६२० साली माणसाच्या बुद्धीला चकवणाऱ्या चार मूर्ती सांगितल्या. त्यांतल्या एका जातीला त्यानं नावच दिलं 'बाजारातल्या मूर्ती'. माणसं देवघेवीसाठी एकत्र येतात, शब्दांनी व्यवहार करतात, आणि मग ते शब्दच त्यांच्या बुद्धीवर उलटतात, असा त्याचा विचार. चौघींत सगळ्यांत त्रासदायक मूर्ती ही, असंही त्याचं म्हणणं. त्यानं उदाहरण म्हणून एकच शब्द घेतला आहे, 'ओलं'. हा शब्द इतक्या वेगवेगळ्या गोष्टींना ढिलेपणानं लावला जातो, की एका अर्थानं पाहिलं तर ज्योतही ओली ठरते आणि दुसऱ्या अर्थानं पाहिलं तर काचही. बेकनला आपल्या लिलावात उभा करायला हवा होता. व्यापारी दोन कांदे हातात दाबून म्हणतो, 'माल ओला आहे', आणि शंभर रुपये खाली येतो. तो ओला म्हणजे नेमका कोणत्या अर्थानं, हे ठरवायला तिथे वेळही नसतो आणि भर्तृहरीही.

आता मुख्य मुद्द्याला येतो. मराठीत दोन क्रियापदं आहेत, पडणे आणि पाडणे. एका कान्याचा फरक. आंबा पडला म्हणजे पिकून पडला; आंबा पाडला म्हणजे कोणीतरी दगड मारला. भिंत पडली, भिंत पाडली. लहान मूलसुद्धा यात चुकत नाही. 'दूध कसं पडलं?' असं आईनं विचारलं की ते बरोबर 'पडलं' म्हणतं, 'पाडलं' म्हणत नाही! कर्ता लपवायचा असेल तर कोणतं रूप वापरायचं, हे तीन वर्षांच्या पोराला कळतं.

तर आपण म्हणतो 'मार्केट पडलं'. जरा तारखा पाहू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरवलं. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ डिसेंबरपासून निर्यात बंदच झाली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून होती, ती मुदत पुढे वाढवली. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत घेऊन. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. यातल्या प्रत्येक गोष्टीला तारीख आहे, अधिसूचनेचा क्रमांक आहे, खाली अधिकाऱ्याची सही आहे. तरी डिसेंबर २०२३ मध्ये गावोगाव वाक्य कोणतं होतं? 'मार्केट पडलं ना भाऊ.' जणू पाऊस पडला, गारा पडल्या.

आणि आता उलट बाजू बघा. भाव चढले की वाक्याची रचना बदलते. तेव्हा शहरातली वर्तमानपत्रं 'मार्केट चढलं' म्हणून गप्प बसत नाहीत. तेव्हा कर्ता सापडतो. 'साठेबाजांनी भाव वाढवले', 'दलालांनी नफेखोरी केली', आणि काहीच नाही तर 'कांद्यानं रडवलं'. म्हणजे कांदाच कर्ता! भाव वर जाताना गुन्हेगार असतो आणि खाली येताना नुसता निसर्ग असतो. हे शब्दांचं राजकारण आहे, आणि ते चालवायला कोणी कट केलेला नाही. आपण सगळे मिळून रोज चालवतो, मार्केटला गेलेले आणि मार्केटमधून पिशवी घेऊन आलेले, दोघंही.

इथे शरद जोशींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं झालं. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना मुंबई-आग्रा रस्ता आठवत असेल. जोशींनी काय केलं, याची उत्तरं पुष्कळ आहेत. माझ्या विषयापुरतं उत्तर असं, की त्यांनी क्रियापद बदललं. शेतमालाचे भाव पडत नाहीत, ते धोरण म्हणून पाडले जातात, हे त्यांनी शेतकऱ्याला आकडे मांडून सांगितलं. तो एक काना त्यांनी शेतकऱ्याच्या तोंडात बसवला. भाषेच्या दृष्टीनंसुद्धा ही मोठी गोष्ट आहे.

पण त्यांच्या पुढच्या मांडणीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी इथेच नोंदवतो, त्यांना मानणारे बरेच जण समोर बसलेत हे माहीत असूनही. सरकार बाजूला झालं की जे उरेल ते खुलं मार्केट, आणि ते शेतकऱ्याला न्याय देईल, असा तो विचार. यात 'मार्केट' पुन्हा आपोआप असणारी, नैसर्गिक गोष्ट होते. कारंजाचा इतिहास तसं म्हणत नाही. वजनकाटा खरा आहे का, पैसे रोख मिळतात का, वांधा झाला तर निकाल कोण देणार, हे कोणीतरी ठरवल्याशिवाय मार्केट उभंच राहत नाही. सरकार बाजूला झालं तर दुसरं कोणीतरी ठरवेल. मचाण रिकामं राहत नाही.

दुसऱ्या बाजूचे, डाव्या विचारांचे माझे मित्र नेमकी उलटी गोष्ट करतात. त्यांच्या लेखात मार्केट हा राक्षस असतो. तो गिळतो, चिरडतो, घशात घालतो. राक्षस म्हटलं की गोष्टीला रंग येतो, पण चौकशी थांबते. राक्षसाचा पत्ता कोणी विचारत नाही. २०२० च्या कृषी कायद्यांच्या वेळी दोन्ही बाजूंची भाषणं मी लक्ष देऊन ऐकली. त्यातल्या एका कायद्यात बाजार समितीच्या आवाराबाहेरच्या जागेला 'व्यापार क्षेत्र' म्हटलं होतं. म्हणजे १९६३ च्या कायद्यानं कुंपण घालून जी जागा केली होती, तिच्या बाहेरचं सगळं आता मार्केट. एक बाजू म्हणे स्वातंत्र्य आलं, दुसरी म्हणे राक्षस आला. कुंपणाबाहेर काटा कोणाचा आणि वांधा कोणाकडे, या प्रश्नावर मात्र दोन्हीकडे बोलणारे थोडे होते. २०२१ मध्ये कायदे मागे घेतले गेले आणि प्रश्न तसाच राहिला.

आता थोडं वेगळीकडे जातो, पण शब्द तोच आहे. गेल्या काही वर्षांत लग्नाच्या बोलण्यांमध्ये मी एक वाक्य ऐकतो. 'शेती करणाऱ्या पोराला मार्केट नाही.' हे वाक्य मुलाचा बाप बोलतो, मामा बोलतो, मध्यस्थ बोलतो, आणि हल्ली मुलगा स्वतःच बोलतो, हसत. त्या हसण्याचं मला फार वाईट वाटतं. तिशी ओलांडलेला, कष्टाळू, निर्व्यसनी मुलगा, डाळिंबाची बाग तेल्यातून वाचवलेला, स्वतःबद्दल बोलताना गोल्टीबद्दल बोलावं तसा बोलतो. आणि मुलींबद्दल तर ही भाषा फार जुनी आहे. शब्द वेगळे होते, वजनकाटा तोच होता. आता मुलांवरही आली म्हणून ती आपल्याला टोचायला लागली, हेही सांगायला हवं.

इमान्युएल कांटनं १७८५ सालच्या ग्रंथात एक भेद केला आहे. ज्याच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. ज्याच्या बदल्यात काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. कौशल्याला, मेहनतीला काय असतं? तर कांट म्हणतो, बाजारभाव. अगदी हाच शब्द, जर्मन भाषेत. म्हणजे माणसाच्या कामाला बाजारभाव असतो हे तो नाकारत नाही. तो भोळा नव्हता. माणसालाच बाजारभाव लावणं तो नाकारतो. 'पोराला मार्केट नाही' या वाक्यात हा भेद पुसला गेला आहे. कांदा आणि पोरगा एकाच क्रियापदाला लटकले आहेत.

आमच्या विषयाचंही तेच. 'सर, फिलॉसॉफीला मार्केट आहे का?' हा प्रश्न मला दरवर्षी प्रवेशाच्या वेळी ऐकावा लागे. मी म्हणायचो, नाही, आणि सॉक्रेटिसाच्या काळीही नव्हतं, तरी तो दिवसभर बाजारातच बसायचा! मुलं हसायची आणि कॉमर्सला जायची. त्यांना मी दोष देत नाही. पोट आहे.

आता माझ्यावरच एक आक्षेप घेतो, कारण तो कोणीतरी घेणारच आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी पाडतंच असं आहे का? नाही. हायेकनं १९४५ च्या एका निबंधात असं मांडलं, की भाव म्हणजे लाखो लोकांच्या विखुरलेल्या माहितीचा सारांश. कोणा एकाला सगळं माहीत नसतं, तरी भाव ते सांगतो. मला यात बरंच तथ्य वाटतं. समजा मागच्या वर्षी भाव बरा मिळाला, म्हणून यंदा बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव सगळ्यांनी कांदाच लावला, मध्य प्रदेश आणि गुजरातेतही लावला, आणि सगळ्यांचा माल एकदम निघाला. भाव उतरला. इथे कोणी दगड मारला? कोणीच नाही. आंबा पिकून पडला. इथे 'मार्केट पडलं' हेच बरोबर वाक्य आहे, आणि 'पाडलं' म्हणणारा खोटं बोलतोय. सगळ्यांच्या कृतीतून, पण कोणाच्याही हेतूशिवाय घडलेल्या अशा गोष्टी जगात असतात. त्यांच्यासाठी भाषेत कर्ता नसलेली वाक्यं असलीच पाहिजेत.

म्हणून मी 'पडलं' वर बंदी मागत नाही. मी फक्त विचारतो, तारीख आहे का? सही आहे का? चार खरेदीदार आधी चहाला बसले होते का, आणि नंतर बोली ठरावीक आकड्यापुढे गेलीच नाही, असं झालं का? असेल तर काना लावा. नसेल तर लावू नका. आणि पुष्कळदा दोन्ही असतं: लागवडही जास्त आणि अधिसूचनाही. तेव्हा किती पडलं आणि किती पाडलं, याचा हिशोब करावा लागतो. तो कठीण आहे. अर्थशास्त्राच्या लोकांनी तो करावा, कारण माझं गणित बेताचं आहे.

बोर्डावरच्या तीन आकड्यांबद्दल एक शब्द बोलून थांबतो. किमान, कमाल, सरासरी. समजा सरासरी बाराशे लिहिलंय. टीव्हीवर सांगतात, 'आज मार्केट बाराशे.' तुमच्या ट्रॅक्टरला साडेआठशे मिळाले. तुम्ही घरी येऊन म्हणता, 'मार्केट बाराशे होतं, आपला माल साडेआठशे गेला.' हे वाक्य नीट ऐका. बाराशे हे खरं मार्केट आणि तुमचे साडेआठशे ही तुमची चूक, असं तुम्ही स्वतःच बोलून गेलात. वास्तविक त्या दिवशी बाराशे हा भाव कदाचित एकाही ट्रॅक्टरला मिळाला नसेल. सरासरी ही वहीतली गोष्ट आहे. हातात पडले ते साडेआठशे. व्हाइटहेड नावाच्या तत्त्वज्ञानं, वहीतल्या गोष्टीला जमिनीवरच्या गोष्टीपेक्षा खरी मानण्याला तर्कदोष म्हटलं आहे. आपल्याकडे तो दोष रोज संध्याकाळी मोबाईलवर येतो.

व्याख्यानानंतर प्रश्न बरेच आले. त्यातला एक इथे देतो.

एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं: सर, आता ई-नाम आहे, ऑनलाईन भाव दिसतात, काही जण व्हॉट्सअॅपवरच सौदा करतात. जागाच उरली नाही तर तुमचं मचाण कुठे राहिलं?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. ई-नाम २०१६ साली सुरू झालं. देशभरचे खरेदीदार एका पडद्यावर यावेत ही कल्पना मला आवडते. चार जणांच्या चहापेक्षा ते बरं. पण जागा गेली असं मला वाटत नाही. माल कुठेतरी उतरवावा लागतोच, प्रत कोणीतरी तपासतोच, वजन कोणीतरी करतोच. सौदा पडद्यावर झाला आणि माल उतरवताना समोरचा म्हणाला, 'फोटोत दिसतो तसा नाही, शंभर कमी करा', तर तुम्ही कोणाकडे जाणार? आवारात निदान ऑफिसची पायरी चढून भांडता येतं, बाकीचे शेतकरी गोळा होतात, लिलाव थांबवता येतो. पडद्यावर कोणाला थांबवाल? तुम्ही व्हॉट्सअॅपवर सौदा केलाय का कधी?

तो म्हणाला, दोनदा. एकदा पैसे आले.

मी विचारलं, आणि दुसऱ्यांदा? तो म्हणाला, 'मार्केट पडलं म्हणे, म्हणून कमी दिले.' मी म्हटलं, कोण म्हणे? त्यानं मोबाईल काढून मेसेज दाखवला. मेसेजखाली नाव नव्हतं, नुसता नंबर होता.